न्योक्की पाण्यात हसली तर

पेल्लेग्रिनो आर्तूझी हा फ्लॉरेन्सचा रेशमाचा व्यापारी. धंद्यातून मोकळा झाल्यावर, सत्तरीच्या घरात, १८९१ साली त्याने पदरमोड करून पाककृतींचं एक पुस्तक छापलं. इटलीत ते आजही वाचलं जातं. बटाट्याच्या न्योक्कीची कृती देता देता त्यात तो एक किस्सा सांगतो. त्याच्या देखत एका बाईंनी उकळत्या पाण्यात न्योक्की सोडली, हलवायला डाव घातला, तर पातेल्यात काही नाहीच! पुढे हा किस्सा ऐकून दुसऱ्या एका बाईंनी मोठ्या काळजीने विचारलं, मग गेली कुठे? भुताने नेली असावी अशी त्यांची समजूत झाली असेल. आर्तूझीने खुलासा केला: पीठ कमी पडलं होतं, पाण्यात पडताच ती विरघळली.

तुपात सोडलेला अनारसा विखुरला की आपण तो हसला म्हणतो. न्योक्कीही तशीच हसते, फक्त पाण्यात.

बटाटा, मैदा, मीठ, फार तर एक अंडं. सामान इतकं थोडं आणि इतकं ओळखीचं, की ‘यात काय अवघड आहे’ असं वाटून आपण थेट पाहुणे यायच्या दिवशीच हा घाट घालतो. टोमॅटोचा सॉस तयार असतो, चीज किसून ठेवलेलं असतं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत पातेल्यात पांढरी खळ होते. पुढच्या खेपेला मग धसका घेऊन सढळ हाताने मैदा घातला जातो. न्योक्की फुटत नाही, पण चावता चावत नाही. पाहुणे ‘वेगळं लागतंय’ म्हणतात आणि दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत. या दोन्हींपैकी एका मुक्कामावर जे पोचले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख.

दोन्ही फजित्या उलट्या टोकांच्या दिसतात, पण मूळ एकच आहे: बटाट्यातलं पाणी. बटाटा ओला असला की तो मैदा मागतच राहतो. दिला तर न्योक्की चिवट, नाही दिला तर विरघळणार. कोरड्या, पिठूळ बटाट्याला थोडा मैदा पुरतो. त्यामुळे ‘मैदा किती घालू?’ हा प्रश्न फार उशिराचा आहे. मैद्याच्या डब्याला हात लावण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो.

आणखी एक गोष्ट आपल्या बाबतीत घडते. चपातीचा हात बसलेल्या माणसाला न्योक्की पहिल्यांदा सहसा जमत नाही, आणि त्याला कारण त्याचा तो चांगला हातच. पिठाचा गोळा समोर आला की आपण तो तिंबतो, मळतो, हाताला चिकटेनासा होईपर्यंत वरून पीठ लावतो. चपातीसाठी हे सगळं बरोबर आहे. मळल्याने गव्हातली प्रथिनं एकमेकांत गुंतून ताण धरणारी जाळी तयार होते, म्हणून तर पोळी लाटताना फाटत नाही. न्योक्कीला ती जाळी जेमतेम हवी असते, तुकडा पाण्यात धरून ठेवण्यापुरती. त्याहून जास्त झाली की मऊपणा गेलाच.

फसलेला घाण टाकून देण्याआधी एकदा नीट बघा, म्हणजे पुढच्या वेळी अंधारात चाचपडावं लागणार नाही. सगळंच गायब झालं असेल तर बटाटा ओला होता किंवा मैदा अगदीच कमी पडला. तुकडे शिल्लक आहेत पण कडा झिजून पाणी गढूळ झालंय, तर बहुतेक पाणी खळाखळा उकळत होतं, नाहीतर कापलेले तुकडे तासभर तसेच पडून होते. न्योक्की अख्खी राहिली पण जड झाली आणि बराच वेळ तळाशी बसून होती, तर मैदा जास्त झाला किंवा मळणं जास्त झालं. आणि मिश्रण पहिल्यापासून गोंदासारखं तार सोडत असेल, तर दोष मैद्याचा नाहीच. बटाटा मिक्सरमध्ये फिरवला होता का, किंवा पूर्ण गार झाल्यावर कुस्करला होता का, ते आठवा.

आता बटाट्याकडे येऊ, कारण खरी मेहनत इथेच आहे.

आपल्या बाजारात बटाटा जातीच्या नावाने मिळत नाही. फार तर इंदूरचा, आग्र्याचा, तळेगावचा असं गावाचं नाव कळतं. खरं तर जातीजातींत मोठा फरक आहे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या जातींपैकी ‘कुफरी पुखराज’ लवकर तयार होणारी, भरघोस पिकणारी, पण पाणी जास्त असलेली. ‘कुफरी चिप्सोना’ नावाच्या जाती वेफर्सच्या कारखान्यांसाठीच तयार केलेल्या, त्यांत पाणी कमी आणि पिष्ट जास्त. भाजीवाल्याला ही नावं विचारून उपयोग नाही. त्याला एवढंच विचारा: ‘वेफर्सचा बटाटा आहे का?’ उन्हाळ्यात वेफर्स आणि कीस घालणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे त्याला हा प्रश्न चांगला ठाऊक असतो, आणि तळल्यावर कुरकुरीत राहणारा बटाटाच न्योक्कीला लागतो.

अंगठ्याने घासताच साल सुटणारा नवा बटाटा घेऊ नका. तो रश्शात झकास लागतो, पण इथे घात करतो. घरी आणलेला बटाटा फ्रिजमध्येही ठेवू नका. फार थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. तसा बटाटा गोडसर लागतो आणि मिश्रणही सैल होतं. शीतगृहातून नुकता आलेला बटाटा गोड लागत असेल, तर आठवडाभर टोपलीत, अंधाऱ्या कोरड्या जागी पडू द्या. बराच सुधारतो.

तरीही शंका असेल तर एक जुनी चाचणी आहे. एकाच वाटीने मोजून अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवा. धुतलेले बटाटे त्यात एकेक करून सोडा. पिष्ट पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे पिठूळ बटाटा तळाशी जातो आणि पाणचट बटाटा तरंगतो. बुडालेले न्योक्कीला, तरंगलेले भाजीला. एकाच पिशवीतले काही बुडतात आणि काही तरंगतात, हे पाहिलं की काल जमलेली न्योक्की आज का फसली याचं नवल वाटत नाही.

उकडताना बटाटे अख्खे आणि सालासकट ठेवा, आणि शक्यतो एकाच आकाराचे घ्या. लवकर शिजावेत म्हणून दोन फोडी करायची आपली सवय इथे नको, कापलेल्या बाजूने पाणी आत शिरतं. कुकरच्या तळाशी पाणी घाला, पण बटाट्यांच्या डब्यात अजिबात नाही, आणि डब्यावर झाकण ठेवा म्हणजे वरच्या वाफेचं पाणी आत ठिबकणार नाही. शिट्यांचा आकडा देत नाही, कारण प्रत्येकाचा कुकर वेगळा. सुरीचं टोक मध्यापर्यंत सहज गेलं पाहिजे आणि साल मात्र फुटलेलं नसावं. साल तडकून बटाटा फुलला असेल तर त्याने पाणी प्यायलंय असं समजा. घरात ओव्हन असेल तर त्याहून चांगलं: ताटलीत जाड मीठ पसरून त्यावर बटाटे ठेवायचे आणि २०० अंशांवर तासभर भाजायचे. इथे पाणी आत जाण्याऐवजी बाहेर पडतं.

साल गरम असतानाच काढायचं. हात भाजतो, म्हणून बटाटा नॅपकिनमध्ये धरा, किंवा अर्धा कापून काट्यावर टोचा आणि साल ओढा. घाई उगाच नाही. गरम बटाट्यातल्या पेशींना जोडून ठेवणारा चिकटा मऊ झालेला असतो, त्यामुळे दाब दिला की पेशी अख्ख्या सुट्या होतात. गार झाल्यावर तो पुन्हा घट्ट धरतो. तेव्हा दाबलं तर पेशीच फुटतात, आतलं पिष्ट बाहेर येतं आणि गोंद होतो. मिक्सरचं पातं हेच काम काही सेकंदांत करतं, म्हणून मिक्सर वर्ज्य.

इटलीतल्या स्वयंपाकघरात याच कामासाठी बटाटा दाबून काढायचं यंत्र असतं. ते विकत आणायची गरज नाही. होळीला निघून वर्षभर माळ्यावर पडलेलं पुरणयंत्र खाली काढा आणि मोठ्या भोकांची जाळी लावा. त्याहूनही बरा सोऱ्या. त्यात शेवेची जाडसर ताटली बसवली की बटाटा न घासता सरळ खाली दाबला जातो. परातीत पडणाऱ्या मऊ शेवा एकमेकींवर थापू नका, हलक्याच राहू द्या. मग परात पंख्याखाली ठेवा. पहिली पाच मिनिटं वाफ डोळ्यांना दिसते, नंतर दिसत नाही पण तळहात वर धरला की लागते. ती जवळजवळ थांबेपर्यंत दम धरा. वर झाकण ठेवायचं नाही. बाहेर पडणारी ही वाफ म्हणजे पुढे वाचलेला मैदाच. बटाटा हाताला कोमट लागला की पुढचं काम.

आता मैदा. आर्तूझीचं प्रमाण ४०० ग्रॅम बटाट्याला १५० ग्रॅम पीठ असं आहे. त्या बाईंची फजिती डोळ्यांनी पाहिलेला माणूस हात राखून कसा सांगणार! माझ्या मते हे प्रमाण आजच्या जिभेला जड आहे. वर सांगितल्यासारखा कोरडा बटाटा असेल तर दाबलेल्या ५०० ग्रॅम बटाट्याला १०० ते १२५ ग्रॅम मैदा पुरतो. पहिल्यांदाच करत असाल तर १२५ घ्या आणि एक पिवळा बलकही घाला. इटलीत अंड्यावरून घराघरांत मतभेद आहेत. अंड्याने न्योक्की थोडी घट्ट होते हे खरं, पण नवशिक्याला तेवढा आधार हवा. हात बसल्यावर सोडून द्या. अंडं चालत नसेल तर न घालताही होतं, फक्त बटाटा निवडून घ्या. कणीक वापरायचा मोह टाळा, कोंड्यामुळे तुकडा भरभरीत होतो आणि नीट धरत नाही. आणि कृपया वजनकाटा वापरा. दाबून भरलेली मैद्याची वाटी आणि चाळून भरलेली वाटी यांत फार फरक पडतो, आणि इथे पंचवीस ग्रॅमसुद्धा जाणवतात.

मीठ घालून मैदा बटाट्यावर चाळा. उलथन्याने खालून वर असं दोन-चारदा परतवा आणि मग हाताने नुसतं गोळा करा. कोरडी पूड दिसेनाशी झाली की थांबायचं. गोळा थोडा ओलसर लागेल, बोटांना किंचित चिकटेल. ठीक आहे. नेमकं याच क्षणी हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो, तो आवरा. लागलाच तर मैदा ओट्यावर भुरभुरवा, गोळ्यात नको. गोळा मुरत ठेवायचाही नाही. कणीक मुरल्याने सुधारते, हा गोळा पाणी सोडून सैल होतो. एकदा मैदा पडला की शेवटपर्यंत थांबू नका. फोन आला तर वाजू द्या.

पुढची पायरी जवळजवळ सगळे गाळतात. सगळा गोळा वळण्याआधी एकच तुकडा कापून उकळत्या पाण्यात टाका. तो वर आला आणि अर्धा मिनिट धरून राहिला तर बाहेर काढून खाऊन बघा. मऊ लागला तर गोळ्याला आणखी काही करू नका. विरघळला तर चमचाभर मैदा घाला आणि पुन्हा एक तुकडा टाका. घट्ट लागला तर त्या दिवशी फारसं काही करता येत नाही, पण निदान वजन लिहून ठेवा. आर्तूझीच्या त्या बाईंनी एवढंच केलं असतं तर पुस्तकात त्यांची आठवण राहिली नसती.

वळण्यात विशेष काही नाही. बोटाएवढ्या जाडीची वळी करायची, सुरीने दोन सेंटिमीटरचे तुकडे पाडायचे. काट्याच्या पाठीवरून अंगठ्याने सरकवले की त्यांवर रेघा उठतात, त्यांत सॉस धरतो. घाई असेल तर हे सोडून द्या, चवीत फार फरक नाही. तुकडे रवा भुरभुरलेल्या ताटात एकमेकांना न लागतील असे ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत शिजवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर त्याहूनही लवकर, दमट हवेत ते बघता बघता ताटाला चिकटतात. उद्यासाठी ठेवायचे असतील तर फ्रिज उपयोगाचा नाही. ताट तसंच फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झाल्यावर पिशवीत भरा आणि शिजवताना बर्फ न वितळवता सरळ पाण्यात टाका.

पाणी भरपूर हवं. मोठ्या पातेल्यात तीन लिटर तरी घ्या, लिटरला दहा ग्रॅमच्या हिशेबाने मीठ घाला. उकळी आली की आच कमी करा. पाणी थरथरत राहावं, उसळू नये. एका वेळी सगळे तुकडे लोटू नका, पाणी गार पडतं आणि ते तळाशी एकमेकांना चिकटून बसतात. वर तरंगले की वीस-तीस सेकंद थांबा आणि झाऱ्याने काढून थेट सॉसच्या कढईत टाका. पास्त्यासारखं पातेलं चाळणीत ओतलं तर इतका वेळ जपलेली न्योक्की शेवटच्या पायरीला मोडेल.

सॉस अंगाला लागेल एवढाच हवा. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही आणि गरम मसाला घातला की बटाट्याची नाजूक चव संपली, मग बटाट्याची भाजी काय वाईट? लोणी वितळवून ते हलकं तांबूस होऊ द्या, मिरपूड आणि किसलेलं चीज घाला, पुरे. लोणी खारं असेल तर बाकीचं मीठ कमी करा. टोमॅटोचा सॉस करायचा तर आपले संकरित टोमॅटो आंबट असतात, चिमूटभर साखर लागते. बेझिल मिळालं नाही म्हणून वृंदावनातली तुळस तोडू नका. तिचा उग्र, लवंगेसारखा वास सगळ्यावर मात करतो.

हे सगळं करूनही घाण बिघडलाच, तर? न उकळलेला गोळा सैल झाला असेल तर तो पाण्यात घालायचा नादच सोडा. चीज, कोथिंबीर, मिरची घालून टिक्क्या थापा आणि लोण्यावर खरपूस भाजा. उकळून चिवट झालेली न्योक्की कोरडी करून तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल परता. बाहेरचा कुरकुरीतपणा आतला चिवटपणा बराचसा झाकतो. किंवा टोमॅटोचा सॉस आणि मोझरेला घालून ओव्हनमध्ये भाजा. नेपल्सजवळच्या सोरेन्तोमध्ये चांगली न्योक्कीही अशीच भाजतात, त्यामुळे पाहुण्यांना कारण सांगायची गरज नाही. पातेल्यात पूर्ण विरघळलेल्याचं मात्र सूपच. भाजलेला लसूण आणि दूध घालून ते बरं लागतं.

व्हेरोनात कार्निव्हलच्या शुक्रवारी भली मोठी दाढी लावलेला ‘पापा देल न्योको’, म्हणजे न्योक्कीबाबा, हातात प्रचंड काटा आणि त्यावर टोचलेली न्योक्की घेऊन मिरवणुकीत फिरतो. रोममध्ये न्योक्कीचा वार गुरुवार. शुक्रवारी मांस वर्ज्य असायचं, म्हणून आदल्या दिवशी पोटभरीचं खाऊन घ्यायचं. आपल्याकडे गुरुवारी अनेकांचा उपास, त्यामुळे हा वार काही जुळत नाही. पण रोमचाच एक प्रकार आपल्याला जुळण्यासारखा आहे, आणि बटाट्याशी ज्यांचं अजिबात जमत नाही त्यांनी खरं तर तिथूनच सुरुवात करावी.

रोमन पद्धतीच्या न्योक्कीत बटाटा नसतो, रवा असतो. बटाटा दक्षिण अमेरिकेतून युरोपात पोचायच्या आधीपासून इटलीत पावाची, पिठाची न्योक्की होत आली आहे, त्यामुळे ही पळवाट आहे असं मानू नका. एक लिटर दूध मीठ आणि जायफळ घालून उकळा. २५० ग्रॅम बारीक रवा एका हाताने भुरभुरवत, दुसऱ्या हाताने ढवळत घाला. गुठळ्या न होऊ देता रवा वैरण्याची सवय आपल्या हाताला आहेच. इटलीतला रवा कठीण जातीच्या गव्हाचा असतो, आपला जरा मऊ पडतो, म्हणून मिश्रण कडा सोडून गोळा होईपर्यंत नीट घोटा. आच बंद करून थोडं लोणी, मूठभर किसलेलं चीज आणि हवे तर दोन पिवळे बलक मिसळा. ओल्या ताटात बोटाच्या पेराएवढ्या जाडीचं थापून पूर्ण गार करा. वाटीने गोल चकत्या पाडा, लोणी लावलेल्या भांड्यात कौलांसारख्या एकीवर एक रचा. वरून वितळलेलं लोणी आणि चीज घालून २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, वरचा थर लालसर होईपर्यंत भाजा. चकत्या सकाळी रचून झाकून फ्रिजमध्ये ठेवल्या तरी चालतात. पाहुणे चपला काढत असताना भांडं ओव्हनमध्ये सरकवायचं.